दोन कोसांची रपेट

फुलंब्री
१२ जुलै १९९९

तात्यासाहेब काळवणे यांना फुलंब्रीच्या जैतुनबी नर्सचा आदाब.

नाव वाचून कपाळाला आठ्या पडल्या असतील, तर आठवण करून देते. नोव्हेंबर एक्क्याण्णव. औरंगाबादच्या दवाखान्यात एकाच दिवशी आपल्या दोघांच्या छातीत पेसमेकर बसवला. तुमच्या-माझ्या खाटेमध्ये एक हिरवा पडदा होता. चार दिवस आपण पडद्याआडूनच बोललो. तुम्ही म्हणालात, "मी निजामाच्या काळात शिकलो उर्दूत, पोलीस ॲक्शननंतर मराठी गिरवली." मी म्हणाले, "माझं बी तसंच, नर्सिंगच्या ट्रेनिंगला मराठी शिकले." तुमच्या आशाबाई दोन्ही बाजूंना ये-जा करायच्या आणि तुमच्या डब्यातली बाजरीची भाकरी मला द्यायच्या. त्यांना माझा सलाम सांगा. त्या कशा आहेत ते जरूर लिहा.

पत्राचं कारण असं. मागच्या महिन्यात माझ्या मशीनची बॅटरी संपत आली म्हणून डॉक्टर औताडे साहेबांनी नवं बसवलं. फार काही नाय, जुनी डबी काढली, नवी ठेवली, तिसऱ्या दिवशी घरी. साहेबांनी त्या सालच्या सगळ्या पेशंटांची वही काढलीय. मशीन बसवलेली म्हातारी माणसं सात-आठ वर्षांनी कशी आहेत, काय करतात, किती चालतात, ते त्यांना बघायचंय. तुमच्या नावापुढं चौऱ्याण्णवनंतर काहीच लिहिलेलं नाय. साहेब म्हणाले, "नर्सबाई, यांचा काही पत्ता?" मी म्हणाले, "पत्र टाकून बघते."

माझं म्हणाल तर वय अडुसष्ट. तब्येत चांगली. पण घरात मला काचेच्या बांगडीसारखं ठेवतात. सून गुलशन पाण्याची कळशी उचलू देत नाय. माझ्या मनात लई दिवसांपासून हजला जायचं आहे. सरकारी नोकरीत जमलं नाय, मग नवरा गेला, मग हे मशीन. डॉक्टर म्हणतात, खुशाल जा. माझा मुलगा फारूख, त्याच्याबरोबरच मला जावं लागणार, तो म्हणतो, "अम्मी, छातीत मशीन घेऊन तिथल्या गर्दीत चालणार तू?" मला त्याला जबाब देता येत नाय. मशीनवाला माणूस किती चालू शकतो, हे मला तरी कुठं माहीत?

तुम्ही किती चालता?

जैतुनबी शेख


लासूर स्टेशन
२ ऑगस्ट १९९९

जैतुनबी नर्सबाईंना तात्यासाहेबाचा रामराम.

पत्र मिळालं. आठ वर्षांनी कुणी तरी पडद्याआडून हाक मारावी तसं वाटलं. तुमचा आवाज मला अजून ओळखता येईल. चेहऱ्याची मात्र खात्री देत नाही.

तुम्ही विचारलंत, किती चालता. नर्सबाई, छातीत मशीन आहे हे मला सदरा बदलतानाच आठवतं. सकाळी उठलो की काठी घेऊन मळ्यात. जाऊन येऊन दोन कोस सहज होतात. विहिरीच्या पायऱ्या उतरतो, कपाशीच्या सऱ्यांतून एक फेरी मारतो, गड्यांशी चार शब्द वाद घालतो, तेव्हा कुठं भाकरी गोड लागते. आठवडी बाजाराच्या दिवशी मोंढ्यात जाऊन उभ्या उभ्या भाव ऐकतो. बहात्तरावं चालू आहे, पण मागे वळून बघायला सवड नाही.

तुमच्या फारूखला सांगा, लासूरचा एक म्हातारा रोज दोन कोस रपेट करतो. मक्केत काय त्याहून जास्त चालायचं असतं?

डॉक्टरांना माझा नमस्कार. त्यांच्या वहीत लिहा, ठणठणीत.

तात्यासाहेब


फुलंब्री
९ सप्टेंबर १९९९

तात्यासाहेबांना आदाब.

तुमच्या पत्रानं माझ्या घरात काय उलथापालथ केली ते ऐका. संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते. मी चष्मा लावला आणि तुमचं पत्र मोठ्यानं वाचलं. विहिरीच्या पायऱ्यांशी आल्यावर फारूखचा हात ताटातच थांबला.

"खरंच बहात्तर वर्षांचे आहेत?"

"माझ्याच दिवशी, माझ्याच डॉक्टरांनी मशीन बसवलंय," मी म्हणाले. "तू रिक्षात बसवल्याशिवाय मला पोस्टापर्यंत बी जाऊ देत नाय."

दुसऱ्या दिवशी तो हजचे फॉर्म घेऊन आला. दोन. एक माझा, एक त्याचा. तात्यासाहेब, मी त्या कागदाला हात लावून रडले.

मग मी चालायला लागले. पहिल्या दिवशी बसस्टँडपर्यंत. आता खुलताबादच्या रस्त्यावर मैलाच्या दगडाला हात लावून परत येते. दम लागला की तुम्ही कपाशीच्या सऱ्यांतून चालताय असं डोळ्यांपुढं आणते आणि पुढं निघते.

दोन गोष्टी राहिल्या. आशाबाईंचं तुम्ही काहीच लिहिलं नाय. आणि तुमची बॅटरी कधी बदलली? आपली दोघांची एकाच दिवसाची, एकाच कंपनीची. नर्सची सवय म्हणा, पण एक काम करा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तीन बोटं ठेवा. समोर सेकंदकाट्याचं घड्याळ ठेवा. शांत बसून पुरा एक मिनिट नाडी मोजा आणि आकडा मला कळवा.

जैतुनबी


लासूर स्टेशन
४ ऑक्टोबर १९९९

नर्सबाई,

हजचा फॉर्म भरला, आनंद झाला. माझ्या दोन ओळींनी एवढं होईल असं वाटलं नव्हतं.

बॅटरीचं म्हणाल तर बदललेली नाही. मशीन चालू आहे तोवर त्याला हात कशाला लावायचा? आमच्या मळ्यातलं इंजिन वीस वर्षं न उघडता चाललं.

तुमचा हुकूम म्हणून नाडी मोजली. भिंतीवरचं घड्याळ काढून मांडीवर घेतलं. त्रेसष्ट भरली. खात्री नव्हती म्हणून दुपारी परत मोजली. परत त्रेसष्ट. ना एक जास्त, ना एक कमी. म्हणजे काळीज थंड डोक्यानं काम करतंय म्हणायचं.

आशाबाईंचं विचारलंत. घरातलं सगळं जागच्या जागी आहे.

तात्यासाहेब


फुलंब्री
९ ऑक्टोबर १९९९

तात्यासाहेब,

पत्र आत्ता हातात पडलं. ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाय. नीट वाचा.

आपल्या दोघांची मशीनं सत्तरवर लावलेली आहेत. तुमच्या कार्डावर लिहिलेलं असंल, बघा. ठोके सत्तरच्या वर जाऊ शकतात, खाली येऊ शकत नाय, त्याच्यासाठीच तर मशीन बसवलं. बॅटरी संपत आली की मशीन आपणहून ठोके कमी करतं. ती त्याची खूण असते, की आता मला बदला. तुमचे त्रेसष्ट म्हणजे तीच खूण. किती दिवसांपासून हे चाललंय, कोण जाणे.

तुम्हाला चक्कर येते का? डोळ्यांपुढं अंधारी? पायांत दम नसल्यासारखं वाटतं? आणि वाटत असंल तर दोन कोस चालता कसे? मला तुमचं गणित जमत नाय.

मी डॉक्टर साहेबांना फोन केला. ते म्हणाले, उद्या या म्हणावं. उद्याच. पत्र पोचल्याबरोबर गाडीत बसा.

जैतुनबी


लासूर स्टेशन
२२ ऑक्टोबर १९९९

नर्सबाईंना वच्छलाचा नमस्कार.

मी तात्यांची सून. सातवीपर्यंत शिकले आहे, चूकभूल माफ करा.

तुमचं नऊ तारखेचं पत्र तात्यांच्या उशीखाली सापडलं. चादर बदलताना दिसलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, पण मी वाचलं. मग आधीची पण वाचली. त्यांनी तुम्हाला काय लिहिलं ते तुमच्या पत्रांवरून समजलं. म्हणून लिहिते.

बाई, आशाबाई, माझ्या सासू, जाऊन दोन वर्षं झाली. त्यांना कधी ताप पण येत नव्हता. सकाळी दळण निवडता निवडता कलंडल्या. डॉक्टर यायच्या आत गेल्या. त्या दिवसापासून तात्या ओसरीवरच्या खाटेवर आहेत. मळा त्यांनी दोन वर्षांत बघितला नाही. फाटकाच्या बाहेर जात नाहीत. आता आता तर मोरीपर्यंत जाताना भिंत धरतात. मागच्या महिन्यात दोनदा पडले. आमच्या मालकांनी दवाखान्याचं नाव काढलं तर तात्या जेवण सोडतात. मला एकदा म्हणाले, "वच्छला, मशीन आपोआप बंद पडेल. कुणाला तसदी नको. मी अलगद जाईन."

तुम्हाला खोटं का लिहिलं ते मला कळत नाही. पण तुमचं पत्र येतं त्या दिवशी ते दाढी करतात.

काय करावं ते सांगा. मी लिहिलं म्हणून त्यांना सांगू नका.

वच्छला


फुलंब्री
२७ ऑक्टोबर १९९९

तात्यासाहेब,

तुमचं उत्तर नाय. पुढल्या गुरुवारी मी लासूरला येते. एकटी. फारूखला सांगितलंय, मक्केला जायचं तर आधी लासूरपर्यंत जाऊन बघू दे. दुपारच्या गाडीनं येईन, साडेचारच्या गाडीनं परत. चहा ठेवा, साखर कमी.

जैतुनबी


औरंगाबाद, दवाखाना
८ नोव्हेंबर १९९९

जैतुनबी,

वरचा पत्ता वाचलात ना? मग बाकीचं सावकाश वाचा. हात दुखतो, म्हणून तीन बैठकांत लिहिलं आहे.

तुम्ही गुरुवारी आमच्या अंगणात आलात तेव्हा मी खाटेवर होतो. दोन कोस रपेट करणारा माणूस, पायावर गोधडी घेऊन. मला वाटलं, आता विचाराल. तुम्ही एका शब्दानं विचारलं नाही. खाटेजवळ खुर्ची ओढलीत, माझं मनगट हातात घेतलंत आणि वच्छलाला म्हणालात, "चहा झकास झालाय." ते मला जास्त लागलं.

मग मी म्हणालो, "आशा गेली." दोन वर्षांत हे दोन शब्द मी कुणापुढं उच्चारले नव्हते. तुम्ही म्हणालात, "मला वाटलंच होतं." मी पुढं बोलत सुटलो. तिच्या छातीत काही दोष नव्हता, ती धडधाकट होती, आणि ती गेली. मशीन मला बसवलं. दर मिनिटाला ते मला ढकलतंय, चल, चल. कशाला? हा कुठला न्याय? मला ती बॅटरी बदलायची नाही.

तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात.

"न्यायाचा जबाब माझ्याजवळ नाय," तुम्ही म्हणालात. "पण एक सांगते. बॅटरी संपली की दिवा विझतो तसा माणूस विझतो, असं तुम्हाला वाटतंय. मी तीस वर्षं पेशंट सांभाळले. तसं होत नाय, तात्यासाहेब. आधी माणूस पडतो. खुबा मोडतो. मग वच्छलानं तुम्हाला कुशीवर वळवायचं, महिनोन् महिने. अलगद जाणं आपल्या हातात नसतं."

"तुम्ही मला भीती दाखवताय."

"व्हय," तुम्ही म्हणालात आणि उठलात. "गाडीची वेळ झाली."

आता जे तुम्हाला ठाऊक नाही ते लिहितो.

तुम्ही फाटकाबाहेर गेलात आणि मला राग आला. तुमचा आला, त्याहून माझा आला. एक बाई, माझ्याच दिवशी मशीन बसवलेली, फुलंब्रीहून एकटी येते, आणि घरचा यजमान तिला स्टेशनापर्यंत पोचवतसुद्धा नाही. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. आशानं मला माफ केलं नसतं. वच्छला गोठ्यात होती. मी टोपी घातली, काठी घेतली आणि निघालो.

फाटक ओलांडलं. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. रस्ता, माणसं, धुरळा. पण सरकीच्या मिलपर्यंत गेलो आणि पायांतलं बळ गेलं. डोळ्यांपुढं काळं झालं. काठी सुटली. गाडीची शिट्टी ऐकू आली आणि मला कळलं, हेच ते. ज्याची मी दोन वर्षं वाट बघत होतो तेच आलं आहे.

आणि मी काय केलं, जैतुनबी? मिलच्या भिंतीला दोन्ही हातांनी धरलं. नखं रुतवून धरलं. सोडलं असतं तर झालं असतं. पण हात सोडेनात. मरायला बसलेला माणूस मी, आणि माझे हात माझं ऐकेनात. तोंडातून "वच्छला, वच्छला" असं ओरडणं निघत होतं.

फाटक उघडं बघून ती मला शोधत निघालीच होती, धावत आली. पदर सुटलेला, हाताला शेण.

"तात्या, काय झालं?"

"औरंगाबादला ने."

"आज?"

"आत्ता."

तिनं समोरून येणारा टेम्पो आडवा हात करून थांबवला. माझ्या मुलाला मागाहून निरोप गेला. रस्ताभर ती माझं मनगट धरून बसली होती. तुम्ही धरलं होतंत तसंच.

डॉक्टर औताडेंनी मशीन तपासलं आणि माझ्याकडं पाहून मान हलवली. मधले मधले ठोके चुकायला लागले होते. ते म्हणाले, "आठवडाभर उशीर केला असता तर मी तुम्हाला काय सांगितलं असतं, ते मलाच माहीत नाही." मशीनपासून काळजापर्यंतची तार जुनीच ठेवली, ती चांगली आहे. डबी नवी. शनिवारी बदलली. काल खाटेवरून उठून संडासापर्यंत गेलो तेव्हा भिंत कुठं आहे ते बघायचं विसरलो. दोन वर्षं मी ज्याला दुःख समजत होतो त्यातलं निम्मं त्या बॅटरीचं होतं, असं दिसतं. उरलेलं निम्मं माझं आहे. ते राहील. पण तेवढं पेलेल असं वाटतं.

एक कबुली राहिली. तुम्हाला रपेटीचं जे लिहिलं ते सगळं खोटं. तुम्ही विचारलंत, किती चालता, आणि मला लाज वाटली. लिहिताना मात्र मजा आली. मळा दिसत होता. त्या भरवशावर तुम्ही परदेशी निघालात हे आठवलं की झोप उडते. जाण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारा. माझ्या शब्दावर जाऊ नका.

तात्यासाहेब


मक्का
२१ मार्च २०००

तात्यासाहेबांना मक्केहून सलाम.

पाकीट बघून पोस्टमननं तुम्हाला दहा प्रश्न विचारले असतील.

हज पुरा झाला. अल्लाहची मेहेरबानी. काय सांगू आणि काय नको असं झालंय. मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या दारातून मला जाऊ देईनात. मी मशीनचं कार्ड दाखवलं. तिथली पोरगी लई चांगली होती. तिनं मला बाजूला नेऊन हातानं तपासलं आणि विचारलं, "आजी, दुखतं का हो?" मी म्हणाले, "मशीन नाय दुखत, चप्पल चावते."

तवाफला, म्हणजे काबाभोवतीच्या सात फेऱ्यांना, फारूखनं माझा हात घट्ट धरला होता. सारखा विचारत होता, "अम्मी, बसायचं? खुर्ची आणू?" तिसऱ्या फेरीला त्याची दमछाक झाली आणि मी त्याचा हात धरून ओढत होते. सफा आणि मरवा या दोन टेकड्यांच्या मध्ये सात खेपा घालायच्या असतात. तिथं मी दोनदा बसले. पाणी प्यायले, नाडी मोजली, उठले. ज्या बायांच्या छातीत काही नव्हतं त्या बी बसत होत्या.

आशाबाईंसाठी दुवा मागितली. त्यांच्या भाकरीची चव जिभेवर आली, खरंच.

आता तुमच्या कबुलीचं. तुमची रपेट खोटी आहे हे मला ऑक्टोबरातच कळलं होतं. कसं ते विचारू नका, सांगणार नाय. त्या दिवशी मी अर्धा तास अंगणात बसून राहिले. वाटलं, फारूखला सांगून टाकावं, फॉर्म परत घ्यावा. मग दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घातल्या आणि मैलाच्या दगडाला हात लावून आले. पाय काय, त्यांना कुठं ठाऊक की तुम्ही खाटेवर आहात? ते शिकले ते शिकले. डॉक्टरांना मात्र विचारलं होतं. ते म्हणाले होते, "तुम्ही तर माझ्यापेक्षा जास्त चालता."

तेव्हा झोप उडू देऊ नका. पण पुढल्या पत्रात खरं लिहा. तुम्ही किती चालता?

जैतुनबी


लासूर स्टेशन
१८ जून २०००

हाजियानी जैतुनबींना तात्यासाहेबाचा रामराम.

खरं लिहितो. एक कोस. अर्धा जाताना, अर्धा येताना, मध्ये शिवना नदीच्या पुलाच्या कठड्यावर एक बैठक. मळ्यापर्यंत अजून पोचलेलो नाही. चढ आहे तिथं दम लागतो. डॉक्टर म्हणतात, हे मशीन ठोके सांभाळील, गुडघे सांभाळणार नाही. विहिरीच्या पायऱ्यांना वच्छलानं मनाई केली आहे. त्या बाबतीत ती ऐकत नाही आणि मलाही ते आवडतं.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी वही पुढं केली. म्हणाले, "तात्यासाहेब, नर्सबाईंनी तुम्हाला शोधून आणलं. अजून दोघांचा पत्ता नाही. एक लासूरच्या बाजूची, एक पडेगावचा. तुम्हाला आता चालता येतं." मला नाही म्हणता येईना.

पहिली मनकर्णाबाई. आमच्या इथून दोन थांबे पुढं त्यांची वस्ती. त्या शहाण्णव साली गेल्या. काविळीनं, मशीन शेवटपर्यंत चालू होतं. त्यांचा मुलगा मला आत घेऊन गेला, फोटो दाखवला. म्हणाला, "मशीन बसवलं तेव्हा सगळे म्हणाले होते, या वयात कशाला. पण पाच वर्षं मिळाली. दोन्ही नातींची लग्नं आईनं उभी राहून लावली." मी ते तसंच्या तसं डॉक्टरांच्या वहीत लिहायला सांगितलं. नुसती मेल्याची तारीख लिहू नका म्हणालो.

दुसरा पडेगावचा सांडू. गवंडी होता. आमची औरंगाबादची बस त्याच्या गावावरूनच जाते. परवा तिथं उतरलो, विचारत विचारत घर शोधलं. दारातच खाट, खाटेवर म्हातारा, पायावर गोधडी. जूनच्या उकाड्यात गोधडी. जैतुनबी, मी दारात उभा राहिलो आणि मला माझ्याच ओसरीवर आल्यासारखं वाटलं.

त्याची सून दगडाबाई पाणी घेऊन आली. मी सांगितलं, कोण, कुठला, कशासाठी आलो. सांडूनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. पांढरं धोतर, टोपी, काठी.

"तुम्हाला बी मशीन?"

"मलाही. तुमच्याच साली."

"आणि लासूरहून एकटे आलात?"

"एकटा."

तो हसला. कडवट हसला. "तुमचं बरं आहे, तात्या. तुम्ही ठणठणीत माणसं. मला तर उठवत नाय. वय झालं. आता काय करायचंय मशीन बदलून?"

त्या क्षणी माझ्या तोंडाशी सगळं तयार होतं. मळा, सऱ्या, सकाळची रपेट. तसं मला छान रंगवता येतं, तुम्हाला ठाऊकच आहे. एकदा त्यानं काम झालंही होतं. पण सांडूच्या डोळ्यांत बघितलं आणि ते निघेना.

मी खाटेच्या कडेवर बसलो. म्हणालो, "सांडूभाऊ, मी दोन वर्षं खाटेवर होतो. बायको गेली आणि मी आडवा झालो. मोरीपर्यंत जाताना पडायचो. मलाही वाटायचं, वय झालं. लोकांना पत्रात खोटं लिहायचो की मी लई फिरतो. सात महिन्यांपूर्वी मिलच्या भिंतीला धरून ओरडत होतो."

दगडाबाई दाराला टेकून उभी होती. मी त्याचं मनगट हातात घेतलं. माझ्या मनगटावरचं घड्याळ बघत पुरा एक मिनिट मोजलं. ठोके सत्तरच्या आतच भरले, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही तर कागदावरूनच ओळखाल.

त्यानं हात सोडवून घेतला नाही. समोरच्या रस्त्याकडं बघत होता. रस्त्यावरून बस गेली, धुरळा उडाला, खाली बसला.

मग गोधडी बाजूला सारून त्यानं पाय खाली सोडले.

"दगडा," तो सुनेला म्हणाला, "माझ्या चपला कुठं आहेत?"

तात्यासाहेब